सान मार्कोसमोर, पण चौकात नव्हे

१४७५ सालच्या ऑक्टोबरअखेरीस उत्तर इटलीतल्या बेर्गामोजवळ, मालपागाच्या किल्ल्यात, एक म्हातारा सेनापती शेवटची निरवानिरव करत होता. बार्तोलोमेओ कोलेओनी त्याचे नाव. चाळीसहून अधिक वर्षे जिच्या वतीने किंवा जिच्या विरुद्ध तो लढला, त्या व्हेनिसच्या गणराज्याला त्याने एक लाख सोन्याचे ड्युकाट लिहून दिले. अट एकच. सान मार्कोच्या चौकात त्याचा ब्राँझचा अश्वारूढ पुतळा उभा राहिला पाहिजे. मृत्युपत्राच्या पुरवणीची शाई वाळून दोन-तीन दिवस होतात न होतात तोच, नोव्हेंबरच्या सुरुवातीला, तो गेला.

रक्कम अशी होती की व्हेनिसच्या सिनेटला तोंड फिरवणे परवडणार नव्हते. आणि अट अशी होती की ती पाळणेही परवडणार नव्हते.

कोलेओनी ज्या पेशातला होता त्या माणसांना इटलीत 'कोंदोत्तिएरे' म्हणत. स्वतःचे घोडे, स्वतःची माणसे, स्वतःची हत्यारे घेऊन हे सरदार राजांशी आणि शहरांशी रीतसर करार करत. इतके स्वार, इतके महिने, इतके पैसे. करार संपला की पुढचा धनी बघायला मोकळे. आपल्याकडच्या शिलेदारांच्या जातकुळीतलेच म्हणा, पण हे अख्ख्या फौजेचे मालक. व्हेनिसच्या व्यापाऱ्यांना समुद्रावर स्वतः लढायची सवय होती. जमिनीवरची लढाई मात्र ते भाड्याने आणत. भाड्याने आणलेल्या तलवारीची भीती घरच्या तलवारीपेक्षा जास्त, हे त्यांना पक्के ठाऊक होते. १४३२ मध्ये त्यांनी आपलाच सेनापती कार्मान्योला याला सल्लामसलतीच्या निमित्ताने शहरात बोलावले, मानाने आत घेतले आणि बाहेर मात्र पडू दिले नाही. तो शत्रूशी संधान बांधतो आहे असा संशय होता. सान मार्कोच्या चौकाला लागूनच समुद्राच्या बाजूला दोन खांब आहेत. त्या दोन खांबांच्या मध्ये त्याचे डोके उडवले गेले. कोलेओनी त्या सुमारास व्हेनिसच्या चाकरीत नवाच होता. आपले धनी कसे आहेत हे त्याला सुरुवातीलाच कळले असणार.

त्याचे घराणे बेर्गामोकडचे, बारीक सरदारांचे. बापाने नातेवाइकांना हाताशी धरून आद्दा नदीवरचा त्रेत्झोचा किल्ला बळकावला आणि पुढे त्याच नातेवाइकांनी बापाला मारून तो गिळला. पोरगा उघड्यावर पडला, कुणाच्या तरी दारी हुजऱ्या राहिला, मग दक्षिणेत नेपल्सकडच्या लढायांत तयार झाला. व्हेनिसकडे आला, तिथून मिलानच्या ड्यूककडे गेला. ड्यूकने त्याला संशयावरून मोंझाच्या तुरुंगात घातले. ड्यूक १४४७ साली मेल्यावर तो सुटला आणि पुन्हा व्हेनिसकडे आला. मुख्य सेनापतिपद दुसऱ्याला मिळाले म्हणून त्याचे बिनसले, तेव्हा व्हेनिसने त्याला पकडायला माणसे पाठवली. तो निसटून पुन्हा मिलानला. आज आपण याला बेइमानी म्हणू; तेव्हाच्या इटलीत याला बाजारभाव म्हणत. शेवटी १४५५ मध्ये व्हेनिसने हिशेब केला आणि त्याला तहहयात मुख्य सेनापती नेमले.

गंमत अशी की त्याच्या आदल्याच वर्षी लोदीचा तह होऊन इटलीतल्या मोठ्या लढाया थंडावल्या होत्या. म्हणजे पुढची वीस वर्षे व्हेनिसने कोलेओनीला जो भरभक्कम तनखा दिला, तो मुख्यतः त्याने दुसऱ्या कुणाकडे जाऊ नये म्हणून. मधे १४६७ मध्ये मोलिनेल्लाजवळ एक लढाई झाली, समोर उर्बिनोचा फेदेरिको होता, तोफा खूप उडाल्या आणि निकाल काहीच लागला नाही. एरवी म्हातारा मालपागात राजासारखा राहिला. बेर्गामोत मुख्य चर्चला खेटून त्याने स्वतःच्या कबरीसाठी रंगीत संगमरवराची एक देखणी वास्तू उठवली. त्यासाठी चर्चची एक जुनी खोली पाडावी लागली, ती पाडली. गरीब मुलींच्या लग्नात हुंड्याला मदत व्हावी म्हणून एक धर्मादाय संस्थाही काढली. कुलचिन्ह म्हणून त्याच्या ढालीवर अंडकोशांच्या तीन जोड्या होत्या. घराण्याच्या नावाच्या उच्चारावरून केलेली ही कोटी तो छातीठोकपणे मिरवत असे. बेर्गामोतल्या त्या वास्तूच्या फाटकावरचे हे चिन्ह नशीब उजळावे म्हणून लोक अजूनही हाताने चोळतात आणि ते झळझळीत राहिले आहे.

तर असा हा माणूस मेल्यावर सान मार्कोच्या चौकात घोड्यावर बसू पाहत होता.

सान मार्कोचा चौक म्हणजे व्हेनिसची देवडी, कचेरी, बाजार आणि रंगमंच एकाच जागी. तिथे व्हेनिसने कुणालाच वर चढवले नव्हते. गणराज्याचा प्रमुख जो डोज, त्याच्यावरसुद्धा निवडून येताना शपथपत्रात बंधनांची जंत्री लादलेली असे, जेणेकरून तो राजासारखा वागू लागू नये. चर्चच्या दर्शनी भागावर चार ब्राँझचे घोडे होते. १२०४ मध्ये कॉन्स्टँटिनोपल लुटून आणलेले. त्या घोड्यांवर स्वार नाही, हेच व्हेनिसला सोयीचे. यापूर्वी एखाद्या सेनापतीचा सन्मान करायची वेळ आली तेव्हा त्यांनी तो चर्चच्या भिंतींच्या आत, लाकडात उरकला होता. फ्रारी चर्चमध्ये पाओलो साव्हेल्लीचा लाकडी घोडेस्वार आजही भिंतीवर उंच बसलेला दिसतो. फ्लॉरेन्सवाले तर याहून काटकसरी. जॉन हॉकवुड या इंग्रज सरदाराला त्यांनी संगमरवरी स्मारक कबूल केले होते. शेवटी १४३६ मध्ये पाओलो उच्चेल्लोकडून कॅथीड्रलच्या भिंतीवर पुतळ्याचे चित्र काढून घेऊन त्याची बोळवण केली.

कोलेओनीच्या डोळ्यांसमोर मात्र पादुआ होते. तिथे दोनातेल्लोने गात्तामेलाता या दुसऱ्या सेनापतीचा ब्राँझचा अश्वारूढ पुतळा १४५३ मध्ये उघड्यावर उभा केला होता. गात्तामेलाताही व्हेनिसचाच नोकर आणि कोलेओनीचा जुना सहकारी. त्याला मिळाले ते आपल्याला का नको? पण पादुआ हे व्हेनिसने जिंकलेले शहर होते. तिथे काही उभारणे वेगळे आणि स्वतःच्या अंगणात वेगळे.

सिनेटने पैसे घेतले. तुर्कांशी १४६३ पासून चाललेल्या युद्धाने तिजोरीला भोक पडले होते, तेव्हा घेण्यात दिरंगाई नव्हती. पुतळ्याच्या बाबतीत मात्र चार वर्षे गेली. १४७९ मध्ये ठराव झाला आणि त्यात कुणा हुशार वकिली डोक्याने वाट काढली. व्हेनिसमध्ये 'सान मार्को' नावाची एकच जागा होती थोडीच? शहराच्या उत्तरेला, सांती जोव्हान्नी ए पाओलो चर्चला लागून, सान मार्कोच्या नावाने चालणारी एक मोठी धर्मबंधूंची संस्था होती, स्कुओला ग्रांदे दी सान मार्को. तिच्यापुढेही मोकळी जागा होती. पुतळा तिथे बसवायचा. सान मार्को म्हटले होते ना, मग हेही सान मार्कोच.

याला फसवणूक म्हणावे का? इटालियन लेखक शतकानुशतके ही गोष्ट व्हेनिसच्या लबाडीचा नमुना म्हणून चवीने सांगत आले आहेत. मला त्यात लबाडीपेक्षा भीती जास्त दिसते. शेजारच्या मिलानमध्ये एका कोंदोत्तिएरेने, फ्रांचेस्को स्फोर्झाने, गणराज्य गुंडाळून स्वतःच ड्यूकची गादी बळकावली होती, आणि तेही अलीकडे, १४५० मध्ये. घोड्यावर बसलेला सेनापती राजवाड्याच्या दारात उभा आहे, हे दृश्य व्हेनिसला ब्राँझमध्येही नको होते. शिवाय दिलेली जागा अगदीच आडबाजूची नव्हती. सांती जोव्हान्नी ए पाओलोत अनेक डोज पुरलेले आहेत. मेलेल्या राज्यप्रमुखांच्या शेजारी मेलेला सेनापती बसवण्यात व्हेनिसला धोका वाटला नाही.

मग पुतळा करणार कोण, हा प्रश्न आला. तिघांनी नमुने केले. पादुआचा बार्तोलोमेओ वेल्लानो, म्हणजे दोनातेल्लोच्या हाताखाली शिकलेला. व्हेनिसचा आलेस्सांद्रो लेओपार्दी. आणि फ्लॉरेन्सचा आंद्रेआ देल वेरोक्क्यो. वेरोक्क्यो मूळचा सोनार, मग शिल्पकार, चित्रकार, ओतारी, जे काम येईल ते करणारा. त्याच्या कारखान्यात लिओनार्दो दा विंची शिकून गेला होता. १४८१ मध्ये वेरोक्क्योने नमुन्याचा पूर्ण आकाराचा घोडा फ्लॉरेन्सहून व्हेनिसला पाठवला. वाटेत फेर्रारामधून तो बिनजकात जाऊ द्यावा म्हणून त्यावर पत्रव्यवहार झाला होता. १४८३ मध्ये जेरुसलेमच्या यात्रेला निघालेला फेलिक्स फाबरी हा जर्मन धर्मगुरू व्हेनिसात थांबला असताना त्याने तिघांचे हे घोडे पाहिले आणि आपल्या प्रवासवर्णनात टिपून ठेवले. एक लाकडाचा, एक मातीचा, एक मेणाचा. ख्रिस्ती लोक मूर्तिपूजकांची रीत उचलून सेनापतीचे पुतळे उभारू लागले, याचे त्याला नवल वाटले होते.

काम वेरोक्क्योला मिळाले. पुढे काय झाले ते जॉर्जो वाझारीने सत्तर-एक वर्षांनी लिहिलेल्या कलावंतांच्या चरित्रांत रंगवून सांगितले आहे. व्हेनिसमधल्या काही वजनदार मंडळींना वेल्लानो आपला वाटत होता. घोडा वेरोक्क्योचा आणि स्वार वेल्लानोचा, असा तोडगा निघाला. हे कळताच वेरोक्क्योने आपल्या नमुन्याचे डोके आणि पाय फोडले आणि कुणाला न सांगता फ्लॉरेन्स गाठले. व्हेनिसच्या सरकारचे पत्र मागोमाग आले, की परत पाऊल टाकलेस तर तुझे डोके उडवू. त्याने उलट टपाली कळवले, की येण्याची चूक मी करणार नाही. कारण माणसाचे डोके उडवले तर ते परत जोडणे तुम्हाला जमणार नाही, माझ्यासारखे तर नाहीच. घोड्याचे मात्र मी आधीच्यापेक्षा सुरेख करून बसवू शकतो. सरकारला हे उत्तर आवडले आणि दुप्पट मेहनताना देऊन त्याला परत बोलावले.

वाझारीला गोष्ट चांगली सांगता येत असे, आणि तो फ्लॉरेन्सचा अभिमानी. व्हेनिसवाल्यांना फ्लॉरेन्सच्या कलावंताने गप्प केले, ही कल्पनाच त्याला गोड लागली असणार. तेव्हा हे सगळे जसेच्या तसे घडले यावर मी पैज लावणार नाही. पण व्हेनिसची समित्यांची कार्यपद्धती, म्हणजे ठराव करायचा, मग त्याचे दोन तुकडे करायचे आणि दोघांनाही अर्धे-अर्धे खूश करायचे, ही इतकी ओळखीची आहे की गोष्ट खोटी वाटत नाही.

घोड्याला हात घातल्यावरही वेरोक्क्योला काम पुरे करता आले नाही. १४८८ च्या जूनमध्ये तो व्हेनिसमध्ये आजारी पडला. मृत्युपत्रात त्याने लिहिले, की घोडा मातीत सुरू केलेला आहे, तो माझा शिष्य लोरेन्झो दि क्रेदी पुरा करील, तो करायला लायक आहे. त्यानंतर थोड्याच दिवसांत वेरोक्क्यो गेला. ओतकामाच्या भट्टीजवळ तापून निघाल्यावर सर्दी झाली आणि तीच त्याला भोवली, असे वाझारी म्हणतो. क्रेदी चित्रकार, ब्राँझ ओतण्याच्या भानगडीत पडण्याचा त्याचा पिंड नव्हता.

शेवटी व्हेनिसने शोध घेतला तो लेओपार्दीचा. अडचण अशी की लेओपार्दी शहरात नव्हता. खोट्या दस्तऐवजाच्या प्रकरणात त्याला १४८७ मध्ये हद्दपार केले होते आणि तो फेर्राराला जाऊन राहिला होता. १४९० मध्ये व्हेनिसने त्याला अभयपत्र देऊन परत आणले. जो कारागीर ब्राँझ ओतू शकतो त्याच्या खोट्या सह्यांकडे काणाडोळा करायचा, इतका व्यवहार व्हेनिसला कधीच जड गेला नाही. लेओपार्दीने पुतळा ओतला, घासून-तासून साफ केला, आणि खाली उंच चौथरा बांधला. संगमरवराचा, भोवती कोरिंथियन खांब, वर ब्राँझच्या नक्षीची पट्टी. मग त्याने एक काम केले जे वेरोक्क्योच्या आत्म्याला झोंबले असते. घोड्याच्या पोटाखालून जाणाऱ्या तंगाच्या पट्ट्यावर त्याने आपले नाव कोरले, आलेक्झांडर लेओपार्दुस याचे हे काम. ज्याने हा घोडा आणि स्वार मनात पाहिला आणि मातीत उभा केला, त्याचे नाव पुतळ्यावर कुठेच नाही.

२१ मार्च १४९६ रोजी पडदा निघाला. मरीन सानुदो या रोजनिशीकाराने त्याची नोंद ठेवली आहे. कोलेओनीला मरून वीस वर्षे आणि काही महिने झाले होते.

आता पुतळ्याकडे जरा जवळून पाहू. घोडा आणि स्वार मिळून चार मीटरच्या आसपास उंच. घोड्याची छाती रुंद, मानेवरची शीर तटतटलेली, आयाळ वळ्यावळ्यांत विंचरल्यासारखी. तीन पाय जमिनीवर, डावा पुढचा पाय उचललेला आणि त्या खुराखाली काही नाही. हे 'काही नाही' फार महत्त्वाचे. दोनातेल्लोने गात्तामेलाताच्या घोड्याचा उचललेला पाय एका गोळ्यावर टेकवला होता, कारण इतक्या वजनाचे ओतीव काम तीन पायांवर तोलणे म्हणजे साहस. रोममध्ये प्राचीन काळच्या मार्कस ऑरेलियसच्या घोड्याने ते केलेले होते. पण ती विद्या पुढे विस्मरणात गेली होती आणि वेरोक्क्योने ती परत जुळवली. आपल्याकडे एक समजूत सर्रास ऐकू येते, की घोड्याचा एक पाय उचललेला असेल तर स्वार लढाईतल्या जखमांनी मेला, दोन असतील तर रणांगणावर, चारही टेकलेले असतील तर अंथरुणात. कोलेओनी अंथरुणात मेला. पाय उचलला तो वजनाचा तोल साधतो हे सिद्ध करण्यासाठी.

आणि स्वार. तो खोगिरात बसलेला नाही, रिकिबीत पाय ताठ रोवून उभा राहिल्यासारखा आहे. डावा खांदा पुढे, कमरेतून पीळ, उजव्या हातात सेनापतिपदाचा दंड. शिरस्त्राणाखालून कपाळावर आठ्या, खोल डोळे, ओठ घट्ट मिटलेले. एखाद्याने फक्त हा चेहरा पाहिला तर म्हणेल, काय हा माणूस, हुबेहूब उतरला आहे! तो उतरलेला नाही. कोलेओनी मरताना पंचाहत्तरीचा होता, आणि वेरोक्क्यो कामाला लागला तेव्हा त्याला मरून पाच वर्षे होत आली होती. वेरोक्क्योने सेनापती कसा असायला हवा ते दाखवले. गात्तामेलाता पादुआत शांत बसलेला आहे, जणू लढाई संपवून आलेला. हा मात्र समोर कुणालातरी दटावतो आहे. व्हेनिसने चौक नाकारला त्याचा राग चेहऱ्यावर आहे असे प्रवासी गमतीने म्हणतात. गंमत म्हणून ठीक आहे.

वेरोक्क्योच्या शिष्याची कथा याच वर्षांत मिलानमध्ये वेगळ्याच दिशेने गेली. लिओनार्दोने फ्रांचेस्को स्फोर्झाच्या पुतळ्यासाठी याहूनही प्रचंड घोडा मातीत घडवला. त्यासाठी जमवलेले ब्राँझ १४९४ मध्ये तोफांसाठी फेर्राराला रवाना झाले, आणि १४९९ मध्ये फ्रेंच फौज मिलानमध्ये शिरली तेव्हा तिच्या धनुर्धाऱ्यांनी त्या मातीच्या घोड्यावर नेम धरून सराव केला. चौकासाठी भांडणारी समिती, हद्दपारीतला ओतारी आणि वीस वर्षांची टोलवाटोलवी असूनही व्हेनिसचा घोडा निदान उभा राहिला.

स्कुओलाची इमारत १४८५ मध्ये जळाली आणि नव्याने, संगमरवराच्या नक्षीदार दर्शनी भिंतीसह उठली. म्हणजे कोलेओनीला पार्श्वभूमी नवी कोरी मिळाली. ती इमारत आता व्हेनिसचे नागरी रुग्णालय आहे. जवळच्या कालव्यातून रुग्णवाहिकेच्या बोटी भोंगा वाजवत जातात. पहिल्या महायुद्धात पुतळा चौथऱ्यावरून उतरवून सुरक्षित ठिकाणी नेला होता. १९१३ मध्ये ओतलेली त्याची एक प्रतिकृती तेव्हाच्या जर्मनीतल्या श्टेटिनला होती. दुसऱ्या महायुद्धानंतर ते शहर पोलंडचे झाले, घोडेस्वार वॉर्सॉला गेला आणि २००२ मध्ये परत आला. अमेरिकेत न्यूअर्कलाही एक प्रतिकृती आहे. मुसोलिनीच्या आरमाराने एका क्रूझरला त्याचे नाव दिले होते. ते जहाज १९ जुलै १९४० रोजी क्रीटजवळ बुडाले. मूळ पुतळ्याची मोठी दुरुस्ती २००६ मध्ये पुरी झाली.

सान मार्कोच्या चौकात मात्र लेओपार्दी पोचला. चर्चपुढच्या तीन ध्वजस्तंभांच्या ब्राँझच्या बैठका त्याच्याच. १५०५ मधल्या, समुद्रदेवतांनी भरलेल्या. खोटे दस्तऐवज करून हद्दपार झालेल्या माणसाला व्हेनिसने जिथे काम दिले, ती जागा एक लाख ड्युकाट देणाऱ्याला दिली नाही. १८८७ मध्ये अखंड इटलीचा पहिला राजा व्हिक्टर इमॅन्युएल पुतळ्याच्या रूपाने घोड्यावरून आला, तेव्हा त्यालाही चौक सोडून धक्क्यावरची जागा मिळाली.

अपवाद एकाच सेनापतीचा झाला. नेपोलियनने १७९७ मध्ये गणराज्य बुडवले, चर्चवरचे चार घोडे पॅरिसला नेले, आणि १८११ मध्ये व्यापाऱ्यांच्या मंडळाने त्याचा पुतळा बरोबर सान मार्कोच्या त्या छोट्या चौकात उभा केला, कार्मान्योलाचे डोके उडाले होते त्या दोन खांबांच्या परिसरात. तीन वर्षांनी नेपोलियन पडला आणि पुतळा खाली आला. तो शतकभराहून अधिक काळ खाजगी हातांत फिरला. २००२ मध्ये लिलावातून विकत घेऊन तो व्हेनिसला परत आणायचे ठरले, तेव्हा शहरात निषेध झाला. तो चौकालगतच्या कोर्रेर संग्रहालयात ठेवला आहे, छपराखाली.